दहा पावलं

साऱ्या नागपुरात माझ्या भाऊजींइतका परदेश पाठ असलेला आणि परदेशाचं तोंडही न पाहिलेला दुसरा माणूस नव्हता, हे मी पैजेवर सांगायला तयार होतो. कोराडीच्या वीज केंद्रात त्यांची सगळी नोकरी कंट्रोल रूममधल्या काट्यांकडे बघण्यात गेली. निवृत्त झाल्यावर काटे सुटले आणि त्यांनी बेटं धरली. आपल्याकडून समुद्र कुठल्याही बाजूला दूरच. पण कोराडी रोडवरच्या ले-आउटमधल्या त्यांच्या घरात, जेवणाच्या टेबलामागे, गॅस एजन्सीच्या कॅलेंडरशेजारी इंडोनेशियातल्या बोटींचं हातानं लिहिलेलं वेळापत्रक चिकटवलेलं असे. आम्ही वरणभात कालवत असताना ते घड्याळाकडे बघून गंभीरपणे म्हणत, "तिकडची दुपारची बोट आता सुटली असन." आणि माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, तितक्याच गंभीरपणे विचारी, "आपण बसलो होतो काय तिच्यात? नाही ना? मग भात घ्या."

बेटांची त्यांची एक जाड वही होती. कुठल्या बंदरावरून कुठली बोट, कुठल्या महिन्यात लाटा उंच असतात, धक्क्यावर उतरल्यावर डावीकडे गेलं तर सावली मिळते की उजवीकडे, सगळं त्यात असे. दरवर्षी दिवाळीनंतर ते निघायचं ठरवत आणि दरवर्षी काहीतरी आडवं येई. कधी तिकडे वादळाचे दिवस, कधी तिकीट महाग. "थांबून पाहू, उतरन," असं म्हणत त्यांनी अकरा वर्षं काढली. माझ्या चुलतबहिणीची मुलगी लग्नानंतर तिकडे फिरायला निघाली, तेव्हा तिनं भाऊजींचा सल्ला घेतला. त्यांनी तिला चौदा पानं लिहून दिली. पोरगी परत आली ती थक्क होऊन. सगळं खरं निघालं म्हणाली, अगदी थंड शहाळी कुठं मिळतात तेसुद्धा. भाऊजी खूश झाले, आणि मग त्यांनी विचारलं, "शहाळ्याचा भाव किती केला?" ती म्हणाली, "काका, त्यांनी मागितले तेवढे दिले." त्यानंतर दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत.

कारण भाव करणं हा भाऊजींचा खरा विषय होता. परदेशी माणूस दिसला की ऑटोवाला, बोटवाला, घोडेवाला जो कोणी असेल तो दुप्पट सांगतो, आणि आपण तिकडे परदेशीच असणार, तेव्हा हात तयार पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. तो हात ते सीताबर्डीच्या बाजारात तयार करत. व्हरायटी चौकात डोक्याला गोल टोपी, पाठीवरची पिशवी पोटावर आणि हातात कॅल्क्युलेटर अशा थाटात उभे राहून ते ऑटोवाल्याला विचारत, "हाऊ मच?" चौकातले निम्मे ऑटोवाले त्यांना वर्षानुवर्षं ओळखत. त्यातल्या मेश्राम नावाच्या ऑटोवाल्यावर त्यांचा फार जीव. तो बिचारा म्हणे, "काका, परवाच तं तुम्हाले घरी सोडलं न मी." भाऊजी त्याला दटावत, "तू मले ओळखत नाहीस. मी आत्ताच विमानातून उतरलो. सांग भाव." मग मेश्रामही खाकरून, कॉलर नीट करून चारशे सांगे.

त्यांचे नियम होते. भाव बसून विचारायचा नाही, उभ्यानं विचारायचा. आकडा ऐकून रागवायचं नाही, दुःखी व्हायचं. रागावलेल्या गिऱ्हाइकासाठी कोणी खाली येत नाही, दुःखी गिऱ्हाइकासाठी येतात, हा त्यांचा सिद्धांत. आणि शेवटी वळून दहा पावलं चालायचं. आठाच्या आत हाक आली तर आपण जास्त सांगितलं असं समजायचं, दहा झाली तरी आली नाही तर समोरचा खरं बोलत होता, परत जाऊन मुकाट्यानं बसायचं. ताईला या सगळ्याची भयंकर लाज वाटे. ती रसवंतीच्या दुकानाआड उभी राहून आपला या माणसाशी काही संबंध नाही असा चेहरा करी. एकदा मे महिन्यात भाऊजींची दहा पावलं चालू असताना ती दुसऱ्या ऑटोत बसली आणि सरळ घरी गेली. भाऊजी विजयी मुद्रेनं पन्नास रुपये उतरवून वळले तर बायको नाही. त्यांनी तासभर बर्डी पालथी घातली. घरी आले तेव्हा ताई कूलरसमोर बसून टरबूज खात होती. "किती दिले?" एवढंच त्यांनी विचारलं. "त्यानं म्हटले तितके," ताई म्हणाली. भाऊजींनी डोक्यावरची टोपी काढून ठेवली.

पण यापुढची गोष्ट आमच्या घराबाहेर फार थोड्यांना ठाऊक आहे. अर्धा अर्धा तास घासाघीस करून भाऊजी जे पैसे उतरवत, ते उतरताना परत देऊन टाकत. आधी ठरलेलं भाडं मोजून देत, मग खिशात हात घालून उतरवलेली रक्कम वेगळी काढत आणि म्हणत, "तो भाव झाला. हे आपलं." मेश्रामला सवय होती, नवा माणूस मात्र गोंधळून जाई. ताई चिडे, "मग मले उन्हात उभं काहून केलं?" भाऊजी शांतपणे सांगत, "अवं, मागितले तितके देऊन टाकले तं आपण कोण अन् तो कोण? भाव केला म्हणजे दोन शब्द होतात. माणूस ओळखीचा होते." यात काही अर्थ आहे असं तेव्हा मला वाटत नसे. मी ताईच्या बाजूचा होतो.

मग ताईच्या हातून चहा कपाच्या बाजूला सांडायला लागला. दाराच्या चौकटीवर खांदा आपटायला लागला. तिला वाटलं, वय झालं. धंतोलीतल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काचबिंदू आहे, फार पुढं गेलाय. गेलेलं परत येणार नाही. औषधाचे थेंब वेळच्या वेळी टाकले तर उरलेलं थोडं लांबवता येईल, पण नजर कडांनी मिटत मिटत मध्यापर्यंत येईल. "जे पाहायचं असेल ते पाहून घ्या," असं डॉक्टर म्हणाले नाहीत, पण आम्हा तिघांनाही ते ऐकू आलं. त्याच संध्याकाळी भाऊजींनी वही उघडली आणि म्हणाले, "यंदा जायचं." तिकीट उतरायची वाट त्यांनी पाहिली नाही.

मी म्हटलं, भाऊजी, ताईला समुद्रच दाखवायचा तर गोवा आहे, अंदमान आहे, एवढ्या लांब कशाला? आधी ते म्हणाले, "अंदमानात भाव हिंदीत करा लागते, त्यात काय मजा?" ताई आत गेल्यावर मात्र त्यांनी वहीतलं एक पान माझ्यासमोर धरलं. पेन्सिलीनं काढलेलं एक लहानसं बेट होतं, तासाभरात पायी फिरून होईल एवढं. "हे पाहा साळेबुवा. किनाऱ्यावर उभं राहिलं तं समुद्र एकाच बाजूले. तिले बाजूचं दिसत नाही आता. मान इकडची तिकडे झाली तं समोर हॉटेल येईन, गाड्या येतीन. अशा बेटावर तिनं कुठीही मान वळवली तरी समोर समुद्रच येईन." अकरा वर्षं ज्या वहीची मी टिंगल केली, तीत हे पान होतं.

पुढचं मी दोघांकडून ऐकलं. भाऊजींच्या सांगण्यात भाव जास्त आणि ताईच्या सांगण्यात पाणी जास्त. मोठ्या बेटावरच्या बंदरावरून त्या लहान बेटाकडे तिकिटाची मोठी बोट जात होती. पण तिचं तिकीट ठरलेलं, म्हणजे भाऊजींच्या दृष्टीनं त्या बोटीत माणुसकीला जागा नव्हती. त्यांनी एक म्हातारा नावाडी गाठला. कॅल्क्युलेटर इकडून तिकडे, तिकडून इकडे असं वीस मिनिटं चाललं. भाऊजी दुःखी झाले, तर म्हातारा त्यांच्याहून दुःखी झाला. शेवटी ते वळून चालू लागले, पण तो लाकडी धक्का सातच पावलांचा. पुढं पाणी. तसे ते धक्क्याच्या टोकाला पाठमोरे उभे राहिले. म्हाताऱ्याला हसू आवरेना, आणि त्यानं हाक मारली. बेटावर उतरताना भाऊजींनी ठरलेलं भाडं दिलं आणि रिवाजाप्रमाणे उतरवलेले पैसे वेगळे काढून त्याच्या हातात ठेवले. म्हाताऱ्यानं नोटांकडे पाहिलं, भाऊजींकडे पाहिलं, ताईच्या काठीकडे पाहिलं. मग हाताचं बोट वर करून सूर्य कुठं मावळतो ते दाखवलं आणि काहीतरी बोलला. भाऊजींनी आशीर्वाद समजून हात जोडले.

ताई त्या दिवशी वाळूत बसली ती उठेना. ती मान हळूहळू फिरवी, थांबे, पुन्हा फिरवी. परतीची शेवटची तिकिटाची बोट चारला होती, हे भाऊजींना झोपेतही सांगता आलं असतं. साडेतीनला ते म्हणाले, चल. ताई म्हणाली, "थांबा ना. अजून दिसून राहिलं." त्यांनी पुन्हा एकदा म्हटलं, मग म्हटलं नाही. बोट त्यांच्या समोरून गेली. तेव्हा भाऊजींच्या लक्षात आलं की संध्याकाळचे डोळ्यांचे थेंब पलीकडे खोलीवर राहिलेत. तसा घाबरणारा माणूस नव्हे, पण मला सांगताना त्यांचा आवाज उतरला होता. उजेड कमी झाला की ताईला मुळीच दिसत नसे. तिचा हात धरून ते धक्क्यापर्यंत आले. "आहे काय कोणी?" तिनं विचारलं. धक्क्याला ती सकाळची नाव बांधलेली होती, आणि म्हातारा नावेत पाय पसरून बसला होता. दिवसभर तो तिथंच होता. जास्तीचे पैसे त्यानं परतीचं भाडं समजून घेतले होते. "आहे," भाऊजी म्हणाले. नावेत बसल्यावर त्यांनी आणखी पैसे पुढे केले, तर त्यानं हात हलवून नको म्हटलं. त्याचे त्याला मिळाले होते. त्या दिवसाबद्दल ताईला विचारलं तर ती एवढंच सांगते, "चारी बाजूनं होता रे."

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. ताईची नजर मिटत मिटत संपली. भांडी, दारं, देवघर ती हातानं ओळखते आणि तक्रार करत नाही, पण भाऊजी गप्प झाले. वही कपाटात गेली, भिंतीवरचं वेळापत्रक कोपऱ्यातून सुटून लोंबायला लागलं. एक दिवस बर्डीत मेश्राम मला थांबवून म्हणाला, "साहेब, काकाले काही झालं काय? म्या मुद्दामून दुप्पट सांगितले, तं ते काहीच न बोलता बसले. चांगलं नाही वाटून राहिलं गा." मला रडू येईल की काय असं वाटलं. मी हे ताईला सांगितलं. ती बराच वेळ हातातली तुरीची डाळ निवडत राहिली. पाखडून निवडून झालेली डाळ होती ती.

पुढच्या खेपेला दवाखान्यात जायचं होतं तेव्हा मीही गेलो. बसनं बर्डीला उतरलो. मेश्राम समोरच होता. भाऊजी ऑटोत चढायला लागले, तशी ताई चौकाच्या मधोमध थांबली आणि मोठ्यानं म्हणाली, "किती घेशीन गा धंतोलीचे?" मेश्राम दचकला. मग त्यानं भाऊजींकडे पाहिलं, खाकरला, कॉलर नीट केली आणि म्हणाला, "दीडशे, काकू."

"दीडशे? काहून, विमान आहे काय तुझं? साठ देईन."

"काकू, परवडत नाही बापा."

ताईनं हात पुढं केला. "अहो, मले दहा पावलं न्या."

भाऊजींनी ऑटोत टाकलेला पाय खाली घेतला. मग त्यांनी तिचा हात धरला आणि दोघं उन्हात चालायला लागली. जन्मभर रसवंतीआड लपलेली माझी बहीण भर बर्डीत मोठ्यानं पावलं मोजत होती. सहा, सात. "मारली काय त्यानं हाक?" "नाही मारली." "तुम्ही दुःखी आहा ना?" "आहो," भाऊजी म्हणाले, आणि त्यांचा आवाज मला कितीतरी दिवसांनी ओळखीचा वाटला. नवव्या पावलाला मेश्राम ओरडला, "या काकू, ऐंशी द्या!"

दवाखान्यापाशी उतरल्यावर भाऊजींनी ऐंशी मोजून दिले. ताई काठी टेकून तिथंच उभी. "बाकीचे दिले काय परत?" तिनं विचारलं. भाऊजींचा हात खिशात गेलेलाच होता. मेश्रामच्या हातात पैसे ठेवत ते म्हणाले, "दिले."

"मग चला," ताई म्हणाली. "तो थांबन."

डॉक्टरांकडे गर्दी होती, दीड तास गेला. सांगण्यासारखं नवं त्यांच्याकडे काही नव्हतं. बाहेर आलो तेव्हा ऊन चढलं होतं, आणि पायरीवर ताईनं मान थोडी वर करून विचारलं, "आहे काय?" मेश्राम ऑटोच्या मागच्या सीटवर पाय बाहेर टाकून झोपला होता. मी सांगणार होतो, पण भाऊजींनी मला हातानं थांबवलं.

"आहे," ते म्हणाले.