राजूचा फोटो आणि सुकडीचा प्रचार

आमच्या कामरगावच्या महिला मंडळात ठराव कमी झाले आणि किस्से जास्त. ठराव ग्रामसेविका बाई लिहून न्यायच्या, ते कुठल्या तरी कपाटात पडले असतील. किस्से मात्र आम्हीच घरी घेऊन आलो. भाकरी थापताना एखादा आठवतो आणि तव्यावरची करपते.

झालं असं, की दुष्काळानंतर सरकारनं गावात लहान लेकरांसाठी आहाराची योजना आणली. बालवाडीत रोज सुकडी मिळायची, म्हणजे भाजलेल्या पिठाचा गूळ घातलेला भुगा. पोट्टी-पोरं अंगानं सुधारली. मग वरून आदेश आला, की सरकारचा पैसा लागलाय, तेव्हा काय फायदा झाला ते आजूबाजूच्या गावांना कळवा. कसं कळवायचं ते ठरवायला समिती नेमा. बाईंनी मला घेतलं, कारण मी सातवी पास. आणि विमलला घेतलं, कारण तीही सातवी पास.

विमल माझी शेजारीण. एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन आलो, भिंतीला भिंत लागून घरं, लेकरंही एकाच श्रावणातली. तिचा राजू जन्मला तोच गाडग्यासारखा गोल. माझ्या संजूला पाहून सासूबाई म्हणाल्या होत्या, "हे लेकरू काई हाती लागत नाई." तेव्हापासून झोपेतही माझा हात त्याच्या छातीवर असायचा. मला एवढंच हवं होतं, की कोणीतरी माइकवरून, चार गावांसमोर सांगावं, सुमनचा संजू चांगला आहे.

* * *

पहिल्या मीटिंगला एक म्हातारी म्हणाली, दवंडी द्या. बाई शहरातल्या, त्यांना ते सोपं वाटलं. कोतवालाला शेजारच्या गावात पाठवलं.

आता आमच्याकडे दवंडी येते ती पटकीची, लस टोचायची, नाहीतर हरवलेल्या बैलाची. चांगल्या गोष्टीची दवंडी कोणी जन्मात ऐकलेली नाही. कोतवालानं डफडं वाजवून "कामरगावच्या लहान लेकरांची तब्येत" एवढं म्हटलं, आणि बायांनी आपापली पोरं आत ओढून दारं लावली. पुढचं ऐकायला गल्लीत कोणी उरलंच नाही.

त्याच आठवड्यात त्या गावचे पाव्हणे आमच्याकडे मुलगी पाहायला यायचे होते. ते आले नाहीत, निरोप आला.

"साथ सरली का सांगजा. मंग येतो."

* * *

मग फोटोचं ठरलं. योजना सुरू झाली तेव्हा कारंज्याहून फोटोवाला येऊन लेकरांचे फोटो काढून गेला होता. आता पुन्हा काढायचे आणि आधीचा-नंतरचा शेजारी शेजारी लावायचा. कल्पना विमलची. बाई तिला शाबास म्हणाल्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, सुमनताई, तुम्ही फोटो चिकटवायला खळ शिजवून आणा.

पण पहिल्या वेळी फोटो म्हणजे अपूर्वाई होती. सगळ्यांनी लेकरांना नवी झबली, जरीच्या कुंच्या, मागून आणलेले वाळे घातले होते. आणि आता? आता पोट्टी गुटगुटीत झाली होती. गुटगुटीत लेकरू सजवून चारचौघांत कोण मांडणार? नजर लागायची. एकजात सगळ्या आया लेकरांना फाटके सदरे घालून, तोंडाला राख फासून, केस विस्कटून घेऊन आल्या. मी तर संजूच्या दोन्ही गालांवर, कपाळावर आणि हनुवटीवर काजळाचे ठिपके दिले.

फलक तयार झाला. तालुक्याचे साहेब आले, बराच वेळ पाहत उभे राहिले. इकडे जरीची कुंची, तिकडे फाटका सदरा.

"बाई," ते हळूच म्हणाले, "पोरांना असं काय खाऊ घातलं तुम्ही?"

* * *

शेवटी एकच फोटो मोठा करून गावोगावी लावायचं ठरलं. संजूचा चेहरा काजळात सापडेना. राजू मात्र फाटक्या सदऱ्यातही गाडग्यासारखाच दिसत होता.

राजूचं पोस्टर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागलं. दळणाला जाताना रोज तो माझ्याकडे पाहून हसायचा. मी चार दिवस डोकं खाली घालून गेले. पाचव्या दिवशी लांबच्या रस्त्यानं, देवळामागून गेले.

देवळामागेही राजूच होता.

* * *

त्या दिवसांत विमल एकदा अंगणात आली. संजू कोंबड्यांशी बोलत बसला होता. तो पोपटासारखा बोलायचा, अगदी मोठ्या माणसासारखी वाक्यं. राजूच्या तोंडून अजून 'आई'सुद्धा फुटलं नव्हतं.

विमल बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. म्हणाली, "केवढा बोलते वो तुया संजू. काय चारतं त्याले?"

पोस्टर तिच्या पोराचं आणि वर मलाच विचारते. मला तो टोमणाच वाटला. बोलणं काही काट्यावर मोजता येत नाही. मी सूप आपटून दाणे पाखडत राहिले.

* * *

आता बकरीचं सांगते. राजूला सुकडी बिलकुल आवडायची नाही, तोंडात घातली की थुंकायचा. विमल बालवाडीतून ती पदरात बांधून घरी आणायची आणि बकरीपुढे ठेवायची. बकरी भरभरून दूध द्यायची. ते राजू प्यायचा.

मी हे भिंतीवरून डोळ्यांनी पाहिलं. तशीच बाईंकडे गेले आणि म्हटलं, बाई, योजनेचा फायदा खरं म्हणजे बकरीला झालाय, तिचा फोटो लावा.

बाईंनी डोक्याला हात लावला.

"सुमनताई, पोस्टरं छापून झाली."

* * *

कार्यक्रमाच्या दिवशी चार गावच्या बाया बैलगाड्या करून आल्या. मांडव, सतरंज्या, माइक, सगळं होतं. साहेबांच्या शेजारी टेबलावर राजूला बसवायचं होतं. विमल नवं लुगडं नेसून पुढे बसली होती. मी खांबाआड.

राजूला टेबलावर ठेवलं आणि त्यानं जे भोकाड पसरलं, ते थांबेचना. माइकमधून तेच चार गावांना ऐकू जात होतं. बाई घाबरल्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या मांडीवरून संजूलाच उचलून नेलं.

"बाळ, सांग बरं सगळ्यांना, सुकडी कोण खातं?"

संजूनं माइक दोन्ही हातांनी धरला.

"राजूची बकरी."

मांडवात हशा उसळला. साहेब तर डोळे पुसायला लागले. त्यांनी संजूला उचलून घेतलं आणि माइकवरून म्हणाले, "मुलगा चांगला आहे हो तुमचा."

शब्द न् शब्द मला हवा होता तोच होता. मी खांबाला धरून उभी राहिले. तेवढ्यात दिसलं, की रडणाऱ्या राजूला कडेवर घेऊन विमल संजूकडे टक लावून पाहते आहे.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी संजू तापला. घास घेईना, एक शब्द बोलेना. सासूबाईंनी मीठ, मोहरी, लाल मिरच्या काढून ठेवल्या आणि म्हणाल्या, "जिची नजर लागली तिच्या पायाखालची माती आन. तिले दिसू नको देऊ."

विमलचं दार उघडं होतं, आत कोणी नव्हतं. तिच्या अंगणात तिच्या ओल्या पावलांचे ठसे होते. मी पटकन वाकले, मूठभर माती उचलली आणि मागे न पाहता घरी वळले.

विमल माझ्या अंगणात होती. माझ्याच उंबऱ्याशी वाकलेली. मला पाहून ती उभी राहिली, तिचीही मूठ मिटलेली.

"राजू रातभर रडून राह्यला," ती म्हणाली.

"संजूले ताप हाये," मी म्हणाले.

कोंबड्या पायांत घुटमळत होत्या. मग तीच म्हणाली, "मिरच्या असतीन तं दे न वो चार. मह्या सरल्या."

मी आत जाऊन मिरच्या आणल्या. उजव्या मुठीत तिच्या पायाची माती होती, म्हणून डाव्या हातानं दिल्या. तिनंही डाव्याच हातानं घेतल्या.