एकोणतीस अक्षरांत न मावलेला मिराशी

मिराशी गेल्याचा फोन आला तेव्हा मला रडू आलं नाही, राग आला. फोन माझ्या धाकट्या भावाचा होता, रामनगरच्या एसटीडी बूथवरून. मागे ट्रकचे हॉर्न वाजत होते आणि तो ओरडून सांगत होता, "अक्का, दत्ता मिराशी गेला गं. परवा ट्रकनं उडवलंतं, आज सकाळी गेला." माझ्या तोंडून निघून गेलं, "असा कसा गेला? माझं भांडान ऱ्हायलंय त्याच्याशी." भावाला वाटलं, लाइन खराब आहे. तो पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला आणि मी फोन ठेवून दिला.

पंधरा दिवसांनी रामनगरात शोकसभा झाली. शाळेच्या त्या पत्र्याच्या हॉलमध्ये एकामागून एक माणसं उठली आणि बोलली. आमच्या जोयडा तालुक्यातला पहिला कॉम्प्युटरवाला, मनमिळाऊ, हसतमुख... एकाने तर 'अजातशत्रू' म्हटलं. मी मागच्या बाकावर बसले होते. मला उभं राहून विचारावंसं वाटलं की अहो, मग मी कोण? माणूस गेला की त्याच्यावर साखर पेरायची ही कसली रीत आहे? मिराशी मनमिळाऊ नव्हता. तो हट्टी होता, खडूस होता आणि दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणं हाच त्याचा धंदा होता. पाच वर्षं मी त्याचा राग केला आणि तो गेला म्हणून तो राग मी घडी घालून ट्रंकेत ठेवणार नाही. या पुरवणीसाठी चार शब्द लिहा म्हणाले तेव्हाच मी सांगितलं होतं, चार शब्द गोड येणार नाहीत.

आम्ही भेटलो बेळगावात, नव्वदच्या जरा अलीकडे. एका जिन्याखालच्या खोलीत तीन कॉम्प्युटर मांडून एका गृहस्थांनी प्रोग्रॅम लिहून देण्याचा कारखाना काढला होता. मी रामनगरच्या टायरवाल्याची मुलगी, हट्टाने शिकलेली आणि लग्नाला नको म्हणून बेळगावात खोली घेऊन राहिलेली. ती नोकरी म्हणजे माझं सगळं होतं. ती आहे तोवर घरचे मला परत बोलावू शकत नव्हते. मिराशी गुंद गावचा, जंगलातल्या भातशेतीच्या घरातला. माझ्याहून वर्षानेच लहान, पण पहिल्या दिवसापासून मला 'अक्का' म्हणायचा. तेव्हा मला ते बरं वाटलं होतं.

आम्ही सी नावाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहायचो. वाचकांना एवढंच सांगते की ही भाषा कुणाला अडवत नाही. तुम्ही नावासाठी तीस अक्षरांचा डबा मांडला आणि त्यात चाळीस अक्षरं ओतली, तर ती 'थांबा' म्हणत नाही. वरची दहा शेजारच्या डब्यात सांडतात आणि तिथे जे काही असेल ते बुडवतात. कुणाला काही कळत नाही. मिराशीला या सांडण्याचं वेड लागलं होतं. आम्ही प्रोग्रॅम लिहून, चालवून, दहा वेळा तपासून बघायचो. तो चालवायचाच नाही. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या लांब कागदावर सगळा प्रोग्रॅम छापून घ्यायचा, लाल पेन्सिल कानाला अडकवायचा आणि नुसता वाचत बसायचा. बाहेरच्या माणसाने टंकलेला शब्द कुठून आत येतो, तिथून कुठल्या डब्यात जातो, ओतण्याआधी कुणी मापला का... बोट ठेवून ओळीमागून ओळ. सापडलं की गोल काढायचा आणि ज्याचा प्रोग्रॅम असेल त्याच्या टेबलावर काही न बोलता कागद ठेवून जायचा. ते काही न बोलणंच जास्त लागायचं.

मी एकदा वैतागून म्हटलं, चालवल्याशिवाय चूक कळते होय? तर म्हणाला, "रविवारी गुंदला चल." गेले. त्याचे वडील परशुरामबाबा शेताच्या बांधावरून अनवाणी चालत होते. पाणी अजून सोडलेलं नव्हतं. दोन पावलं टाकायची, टाच दाबून बघायची, वाकून गवत बाजूला करायचं आणि खेकड्याचं बीळ दिसलं की मातीचा गोळा ठोकून बसवायचा. सगळा बांध असा फिरून काढला. मी विचारलं, बाबा, पाणी सोडून बघितलं तर लगेच कळेल की कुठून गळतंय. ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी शेताला आग लावायला सांगितलंय. "पानी सोडल्यावर बीळ गावून काय उपेग, बाई? मग ते पानीच दाखवतंय की. तवर बांध गेला न्हवं." मिराशी माझ्या मागे उभा राहून हसत होता. त्याचं ते हसणं मला अजून डोळ्यांपुढे दिसतं आणि अजून चीड येते. त्याच घरी, गुंदच्या खालच्या घरी, त्याची बहीण शांता हिने मला जेवायला वाढलं. गुंदात मिराशी इतके की नावाने माणूस ओळखू येत नाही. म्हणून वरलं घर, खालचं घर असं पुढे लावायचं.

मग त्याने फेरी मारायला एक प्रोग्रॅमच लिहिला. दुसऱ्यांचे प्रोग्रॅम न चालवता नुसते वाचणारा प्रोग्रॅम. नाव ठेवलं 'फेरी'. तो कागद ओकायचा, इतक्या पानावर, इतक्या ओळीवर बघा. दहातल्या सात बोंबा खोट्या. जाऊन बघावं तर बीळबीळ काही नाही, सगळं ठीक. मी म्हणायचे, तुझं कुत्रं वाऱ्यावर भुंकतं. तो म्हणायचा, "भुंकू दे की. तू जाऊन बघून तर ये." आणि मी सातदा जाऊन आल्यावर आठव्यांदा गेले नाही. ही माझी चूक. ती मी कबूल करते, पण त्याच्यापुढे कधी केली नाही.

आठव्यांदा म्हणजे पान एकेचाळीस. आमच्याच भागातल्या एका गावच्या मोठ्या दवाखान्यासाठी मी रुग्णांच्या नोंदींचा प्रोग्रॅम लिहिला होता. सबंध माझा, पहिल्या पानावर माझी आद्याक्षरं. नावाला तीस अक्षरांचा डबा. त्याला लागून रक्तगट. त्याला लागून एक खूण, समोर बसलेला कारकून आहे की डॉक्टर याची. मी ओळीने नावं टंकून बघितली. माझं, माझ्या बाबांचं, भावाचं, बेळगावच्या घरमालकांचं. सगळी मावली. सोमवारी फेरी भुंकली आणि मिराशीने कागद ठेवला, पान एकेचाळीसवर लाल गोल. "अक्का, हितं मापलं न्हाईस." मी म्हटलं, शनिवारी द्यायचाय, नंतर बघू, तीस अक्षरांवर कुणाचं नाव असतंय? तो म्हणाला, "तू रामनगरची न्हवं? आपल्याकडं नाव कसं लिवत्यात?" आणि मला तेव्हाच कळलं होतं, हे आज खरं सांगते. आमच्या भागात दवाखान्यातला कारकून आधी नुसतं नाव लिहितो. मग त्याच नावाचा, त्याच आडनावाचा दुसरा माणूस येऊन उभा राहतो. तसा कारकून मागे जाऊन पहिल्याच्या नावापुढे गाव जोडतो, घर जोडतो. दिग्गी, वरलं घर. तोवर रक्तगट भरून झालेला असतो. नाव लांबलं की सांडतं ते नेमकं रक्तगटावर. आणि कुणाच्या मनात वाईट आलं तर मुद्दाम आणखी लांब नाव टाकून कारकूनच डॉक्टर होऊन बसेल, औषधाचे कागद बदलेल. मी चाचणीला नावं घेतली ती शहरातल्यासारखी. मी रामनगरची असून.

मला कळलं आणि मी गप्प बसले. शनिवारी प्रोग्रॅम गेला, दवाखान्यात बसला. आमच्या मालकांनी पेढे वाटले. मिराशी दोन आठवडे रोज विचारायचा, "बुजवलंस?" मी रोज म्हणायचे, बघते. तिसऱ्या आठवड्यात तो मला न सांगता बसने त्या दवाखान्यात गेला, थोरल्या डॉक्टरांच्या टेबलावर पान एकेचाळीस ठेवलं आणि लाल गोल दाखवून परत आला.

डॉक्टरांचा फोन आला आणि मालकांनी मला सगळ्यांसमोर बोलावलं. "मॅडम, चार दिवसांत हे दुरुस्त करायचं आणि नंतर यायची गरज नाही." मी जिन्यात मिराशीला धरला. म्हटलं, माझं नाव कशाला सांगितलंस तिथं? तो शांतपणे म्हणाला, "तुझं नाव न्हाई घातलं, अक्का. पान नंबर घातलाय." मी म्हटलं, अरे, कुणाला काही झालं होतं का? एका तरी माणसाला चुकीचं रक्त चढलं होतं का? "न्हाई. म्हनूनच गेलो." मी त्याला जे बोलले ते इथे छापता येणार नाही.

ते चार दिवस तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून होता, कुणी बसवलं नव्हतं तरी. मी आधी तीसचे साठ केले. त्याने फेरी फिरवली. पुन्हा तेच पान, तीच ओळ. "माप मोठं करून बीळ बुजत न्हाई, अक्का. साठाच्या डब्याला एकसष्टावं अक्षर हायच की. आधी माप, मग वत." माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, रागाचं. मी साठ खोडून परत तीस केले, मुद्दाम. शेवटचं घर 'नाव संपलं' या खुणेला लागतं, म्हणजे नावाला उरली एकोणतीस. पुढचं जे येईल ते कापायचं, ओतायचंच नाही. मी म्हटलं, "घे. आता कुनाचं बी नाव असू दे, एकोणतिसाला तुटंल. तुझं बी तुटंल." तो हसला. "तुटू दे. रक्तगट ऱ्हाईल." फेरी फिरवली. कागद कोरा आला.

त्यानंतर मी सात महिने रामनगरात टायरच्या दुकानामागे बसून काढले. चार वेळा मला पाहायला आले. चौथ्या वेळी पोह्यांची बशी हातात घेऊन मी मनात मिराशीला इतक्या शिव्या घातल्या की समोरच्या मुलाचा चेहरा मला आजही आठवत नाही. एके दिवशी बसच्या कंडक्टरने एक पाकीट आणून दिलं. आत फ्लॉपी होती, फेरीची. चिठ्ठी नव्हती. मी ती चुलीत घालणार होते, पण घातली नाही. पुढे पुन्हा बेळगावात गेले, स्वतःचं छोटं ऑफिस थाटलं, आणि आजतागायत माझ्याकडून एकही प्रोग्रॅम फेरी मारल्याशिवाय बाहेर गेलेला नाही. याबद्दल मी त्याचे आभार मानलेले नाहीत. नोकरी गेली ती त्याच्यामुळे आणि पुढे नाव झालं तेही त्याच्यामुळे, हा हिशेब मला पटत नाही.

शेवटचा भेटला तो गेल्या वर्षी, रामनगरच्या स्टँडवर. ऐन तिशीतच केस पांढरे व्हायला लागले होते, कानाला लाल पेन्सिल तशीच. "अक्का, अजून राग हाय?" मी म्हटलं, हाय. "बरं," म्हणाला आणि माझी पिशवी बसमध्ये चढवून दिली. बस सुटेपर्यंत तो खाली उभा होता. मी खिडकीतून बघितलं नाही.

शोकसभा संपल्यावर शांता मला शोधत मागच्या बाकापाशी आली. तिने पदराच्या टोकाला बांधलेला कागद सोडला. "अक्का, हे तुझ्याच मशीनचं म्हनं. दादा शुद्धीत व्हता तवा म्हनाला, अक्काला दाव." दवाखान्याची चिठ्ठी होती. ट्रकने उडवल्यावर त्याला त्याच दवाखान्यात नेलं होतं, तिथे अजून माझाच प्रोग्रॅम चालतो. नाव टंकलं, रक्तगट भरला, आणि शांता म्हणाली, तेवढ्यात वरल्या घरचा दत्ताराम मिराशी तापाने आलेला निघाला. म्हणून कारकुनाने मागे जाऊन नावापुढे गाव जोडलं, घर जोडलं. चिठ्ठीवर इंग्रजीत त्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, एक स्वल्पविराम, आणि गुंदमधलं पहिलं एकच अक्षर. तिथे तुटलंय. मी बाकावरच मोजलं, मधल्या मोकळ्या जागा धरून एकोणतीस. आणि खाली त्याचा रक्तगट, स्वच्छ, जसाच्या तसा. "रगत बरोबर चढलं," शांता म्हणाली, "डागदर म्हनले, त्यात काय चूक न्हाई झाली. मार डोक्याला व्हता."

राग आहे. तो अजून आहे आणि राहील. मला आधी सांगून गेला असता तर काय बिघडलं असतं? पण ती चिठ्ठी माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे आणि रोज सकाळी कॉम्प्युटर लावताना ते तुटलेलं नाव समोर येतं. माझ्या रागाने ते तिथे तोडलंय. ते तीस मी बदलणार नाही, त्यानेच तपासून दिलेलं आहे. इथे मात्र मला डब्याचं माप नाही. म्हणून पूर्ण लिहिते: दत्ताराम परशुराम मिराशी, गुंद, खालचं घर.