वाचून दाखवशीन का?

मावसाजी गेल्याचं मला ऑफिसात कळलं. रायपुरातल्या तेलीबांध्याच्या आमच्या ऑफिसात फायली लावत होते, तेव्हा पप्पूचा फोन आला. "दीदी, पापा नहीं रहे," एवढंच तो म्हणाला. पप्पू माझा मावसभाऊ. मराठी सगळी समजते, उत्तर मात्र हिंदीत देतो. त्याचे वडील, माझे श्रावण मावसाजी, रायपूरला रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. मालगाडीचे बिघडलेले डबे दुरुस्त करायचे. मी बारावीपर्यंत गावी, आमगावला शिकले, आणि पुढच्या कॉलेजासाठी त्यांनी मला आपल्या क्वार्टरमध्ये आणलं. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे कुणाला सांगताना आजवर मान ताठ व्हायची. गेले तीन आठवडे तसं सांगवत नाही.

पदवीनंतर मी नोकरीची परीक्षा दोनदा दिली. दुसऱ्यांदाही यादीत नाव नाही दिसलं, तेव्हा पुस्तकं पलंगाखाली सारली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. गावी कोणत्या तोंडानं जायचं आणि इथे कशासाठी राहायचं, ते काही कळत नव्हतं. मावशी समजावून थकली. एक दिवस मावसाजी ड्यूटीवरून आले, हात धुतले आणि जाडजूड गाइड घेऊन दाराशी उभे राहिले.

"मले प्रमोशनची परीक्षा द्याची आहे. वाचून दाखवशीन का? अक्षर लय बारीक आहे."

"मावसाजी, माह्यानं नाई होत."

"तुले कुठं पास व्हाचं आहे? तू फक्त वाच."

मग रोज संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसू लागलो. ब्रेकचं प्रेशर, चाकांची मापं... मला ओ की ठो कळत नव्हतं. पण ते मध्येच थांबवून "हे काहून असं?" विचारायचे, आणि त्यांना सांगण्यासाठी मला तेच पान पुन्हा वाचावं लागायचं. मावशी आतून टोमणा मारायची, "रिटायर व्हाची वेळ आली, अन् आता साहेब बनून राहिले." त्यावर ते म्हणायचे, "बनू दे व. तुले साहेबीण म्हणतीन लोक." दीडेक महिन्यानं मी माझी पुस्तकं पलंगाखालून काढली. तिसऱ्या वेळी यादीत नाव आलं. त्यांच्या परीक्षेचं मी एकदाच विचारलं. "नाई झालं," म्हणाले, आणि चहा मागितला.

दोन वर्षांपूर्वी मावशी गेली. तोवर क्वार्टर सुटलं होतं आणि ते रायपूरजवळच्या बीरगांवला पप्पूकडे राहत होते. हळूहळू त्यांनी घराबाहेर पडणं सोडलं. गेल्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला. "संध्याकाळी कधी येत जाशीन का? पेपर वाचून दाखव. डोळ्यानं दिसत नाई." मी त्यात फक्त डोळेच ऐकले. एका रविवारी गेले, त्यांच्या मोबाईलमध्ये बातम्या वाचून दाखवणारं ॲप टाकलं, कोणतं बटण दाबायचं ते शिकवलं, सकाळी फिरायला जात जा म्हणून सांगितलं. "हव," म्हणाले. रायपुरात इतकी वर्षं काढून हा होकार त्यांच्या तोंडी बसला होता. नंतर फोनवर मी विचारलं, "आवाज नीट येते ना?" ते म्हणाले, "येते." मी पुन्हा गेले नाही.

मावसाजींच्या पुण्यानुमोदनाला घरची सगळी जमली, तेव्हा पप्पूची बायको सहज बोलून गेली, "पिछली दीवाली के पहले आँख का ऑपरेशन हुआ, तब से बाबूजी तो बिना चश्मे के पेपर पढ़ते थे." पप्पूनं पेटीतून ते गाइड काढलं. "ये आप रख लो, दीदी. पापा ने तो फॉर्म भरा ही नहीं था. उमर निकल गई थी."

पानांच्या कडेला पेन्सिलीनं नोंदी होत्या. दुरुस्तीला आलेल्या डब्यावर काय बिघडलंय ते खडूनं लिहून ठेवतात, असं मावसाजी सांगायचे. तशाच त्रोटक. 'आज सहा पानं. आवाज बसलेला.' 'जेवली नाही.' 'भांडली. बरं झालं.' शेवटची नोंद, 'स्वतःचं पुस्तक घेऊन आली.'

घरी आल्यावर, ॲप टाकलं त्या रविवारची एक तरी नोंद मी करायला बसले. त्यांनी कोणता शर्ट घातला होता, वाळले होते का, चहा घेतला का... काहीच आठवेना. मी सगळा वेळ मोबाईलकडे बघत होते.

पप्पू कामाला जातो तो उरला औद्योगिक वसाहतीतला कारखाना दोन महिन्यांपासून बंद आहे. तोही आता आतल्या खोलीतच असतो. गेल्या रविवारी मी बीरगांवला गेले आणि त्याला म्हटलं, "पप्पू, मले तुही मोटारसायकल शिकव."

"इस उमर में? गिरोगी, दीदी."

"पडली त तू आहे ना उचलाले."

तो म्हणाला, "पहले गाड़ी देखनी पड़ेगी. खड़े-खड़े बैटरी बैठ गई होगी." आणि चावी शोधायला उठला. दाढी वाढलेली होती. शर्टाचं वरून दुसरं बटण तुटलेलं. दारात आल्यावर उन्हानं त्याचे डोळे मिटले, आणि चपला त्यानं पायानंच चाचपून घातल्या.