राहुटीतला रविवार
ओल्या ताडपत्रीचा वास आला, की महायुद्धाच्या काळातील एक रविवार आठवतो. साताऱ्याजवळ यवतेश्वराच्या माळावर मी आणि माझा वर्गमित्र शाळेची राहुटी ठोकून राहिलो होतो. डोंगर हिंडायचे ठरले होते. पावसाने दिवसभर बाहेर पडू दिले नाही. दुसऱ्या दिवशी तो सैन्यभरतीला जाणार होता. थोरला मुलगा आधीच आघाडीवर असल्याने धाकट्याला अडवण्याचे काम त्याच्या आईने माझ्यावर सोपवले होते. ओल्या काटक्यांच्या धुरात मी नुसता चहा ढवळत राहिलो. शेवटी तोच म्हणाला, "आईनं काय सांगून धाडलंय, ते बोल की गड्या. चहाचा पार काढा झाला." "जाऊ नकोस," मी म्हणालो. "आणि?" "ती एकटी पडेल." त्याने मान खाली घालून ऐकून घेतले. "झालं. आता घरी तुला खोटं बोलाय नको." सोमवारी तो गेला. संध्याकाळी त्याच्या आईने मला विचारले, "बोललास न्हवं?" "बोललो." तिने पुढे काही विचारले नाही. तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले. आता माझीही मुले दूर गेली आहेत. 'तो काय म्हणाला?' हा दुसरा प्रश्न तिने का टाळला, हे कळते.