गुहेतले शंख आणि मामाचे हात

भाचीवर हात उगारला की मामाचे हात म्हातारपणी थरथरतात, असं आमच्याकडं मानतात. माझा मामा तर लईच मानायचा. लहानपणी मी त्याच्या चहात मीठ टाकलं, तेव्हा त्यानं चप्पल भिंतीवर आपटली. मला न्हाई.

त्याचं गाव निलंग्याकडं. गावामागच्या डोंगरात एक गुहा हाय, एवढीशी. जुन्या पावसाच्या अभ्यासासाठी तिच्यातली माती मी थराथरानं खरवडून काढली. प्रत्येक थरात गोगलगायींचे जुने शंख, हरभऱ्याएवढे. गोगलगाय ज्या पावसात जगते त्याची खूण तिच्या शंखात राहते. ती तपासली की हजारो वर्षांमागं इथं पाऊस होता का दुष्काळ, ते कळतं. पण शंख कुठल्या थरातला हे माहीत असेल तरच. म्हणून दर थराची वेगळी पिशवी. गुहेत माती उरली नव्हती. होतं नव्हतं ते सगळं त्या पिशव्यांत, आणि त्या प्रयोगशाळेत न्यायला दुसऱ्या दिवशी गाडी येणार होती.

तुलनेला आजच्या पावसातल्या गोगलगायी हव्या होत्या, म्हणून सकाळी मी बांधावरून त्या वेचल्या. माझी अक्कल बघा! त्याच पावसाळ्यात गोगलगायींनी गावाचं सोयाबीन फस्त केलं होतं. बाया बादल्या भरभरून वेचायच्या, मिठाच्या पाण्यात मारायच्या. मामाचं दुबार पेरलेलंसुद्धा राहिलं न्हाई. अन् मी डबाभर जिवंत गोगलगायी डोंगरावर घेऊन चालले! गावात उठलं, हीच गुहेत गोगलगायी पाळती अन् शिवारात सोडती.

दुपारी माणसं वर आली. काठ्या, खुरपी, मिठाचं पोतं. पुढं मामा.

"सरक माय."

"मामा, हे नुसते शंख हायत. कधीच्या मेल्यात त्या!"

"मेलेल्याला कुणी पिशवीत जपतं का?"

मागून दगड आला. कपाळ फुटलं, डोळ्यात रक्त उतरलं. एकानं पिशवी ओढली, मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले. त्यानं केसाला धरून मला कातळावर आपटलं. तसं मामानं त्याच्या अशी थोबाडीत दिली की गडी खालीच बसला.

"भाची हाय माझी! कुणी हात लावला तर चिरून टाकीन!"

मला वाटलं, वाचलं सगळं.

मग मामा वळला. त्यानं एकेक पिशवी फाडून एकाच ढिगात ओतली आणि ढीग टाचेनं चिरडायला लागला. तोंडात शिव्या, डोळ्यांत पाणी. मी त्याचा पाय धरला, तर पायासंगं मीही फरपटत गेले. कानाशी शंख कटाकटा फुटत होते. वरून कुणीतरी मीठ ओतलं. मुडदे बसवले तुमचे, असे शिव्याशाप मी त्यांना दिले, अजून देते.

परवा उदगीरला एका लग्नात मामा भेटला, आता म्हातारा झालेला. हातातली कपबशी खडखडत होती. बाया कुजबुजल्या, भाचीला मारलंय, दुसरं काय.

मामा कळवळला. "सांग की माय ह्यांना. बोट तरी लावलं का मी तुला?"

"न्हाई लावलं," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मग त्याच्या हातातली कपबशी काढून घेतली अन् हळूच म्हणाले, "मलाच मारायचं होतंस, मामा. माझी जखम तरी भरून आली असती."