निर्मळच्या वाडीत, आत्याच्या चेहऱ्यासाठी

मी कॅमेरा घेतल्याची बातमी बाबांनी पत्रातून आत्याला कळवली, आणि उलट टपाली तिचं कार्ड आलं: "शकूला कॅमेऱ्यासकट पाठव. काम आहे." काय काम, ते लिहिलं नव्हतं. मी ऑफिसात चार दिवसांची रजा टाकली.

साल एकोणीसशे ब्याऐंशी, डिसेंबर. मी नाशिकला टेलिफोन खात्यात, वय तेवीस. कॅमेरा एका निवृत्त साहेबांकडून घेतलेला, जुना. माझं शहाणपण मात्र कोरं करकरीत. भिंगांचे दोष पुस्तकातून पाठ केले होते आणि भेटेल त्याला ऐकवत होते. माझं लग्न त्यामुळेच लांबलंय, असं आईचं ठाम मत होतं.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. केळव्याची मुलगी, निर्मळच्या बागायतदारांकडे दिलेली. विरारला उतरून अर्नाळ्याची एसटी धरली, तिकीट रुपयाच्या आतबाहेर, आणि मधे आगाशीला उतरले. तिथे भुजिंग खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका: निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी, त्यात पोहे आणि बटाटे. मी बाजारात उभ्यानेच पोटभर खाल्लं. मग आत्याचे यजमान स्कूटरवरून न्यायला आले. दोन्ही बाजूंना केळी, मधूनच एखादं बावखल, म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, आणि वाऱ्यावर सोनचाफा. घरी पोचल्यावर जेवायला नाही म्हटलं म्हणून आत्या तासभर रुसली.

रुसवा निघाल्यावर तिने मला आतल्या खोलीत नेलं आणि भिंतीवरचा एक फोटो दाखवला.

"ही माझी सासू. म्हणजे सगळे तसं म्हणतात. चेहऱ्यावरून मला तरी पटत नाही."

सासूबाई गेल्यावर त्यांचा एकही फोटो सापडेना. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यात त्या अगदी टोकाला उभ्या होत्या, तेवढाच तुकडा मोठा करून घेतलेला. नाक एका बाजूला ओढलेलं, डोळ्यांच्या जागी दोन पुसट डाग. मी लगेच व्याख्यान सुरू केलं. भिंग मधोमध चोख काम करतं, कडेला ढिलं पडतं. फोटोवाल्याने उजेड कमी म्हणून भिंगाचं तोंड, म्हणजे ॲपर्चर, पूर्ण उघडलं असणार. मग कडेची माणसं अशीच यायची.

आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि या घरात कडेला कोण उभं राहतं?"

मधे खुर्चीवर थोरले, शेजारी मुलगे, मग नातवंडं, टोकाला सुना. तिने पेटीतून सहा-सात फोटो काढले. प्रत्येकात ती होती आणि एकातही तिचं तोंड ओळखू येत नव्हतं.

"मी गेल्यावर पोरं यातलाच तुकडा मोठा करणार. मला तसं नको."

"मग अंगणात बस एकटी, आत्ता काढते."

"वेडी का तू? एकटीचा काढला की जाऊ विचारणार, हिची आत्तापासून तयारी? सगळ्यांबरोबर काढ. मी माझ्या जागेवरच उभी राहीन. पण तोंड माझं आलं पाहिजे. आणि हे कुणाला सांगू नकोस."

मला हसू आलं. आत्या तेव्हा जेमतेम पंचेचाळीस वर्षांची होती.

दुसऱ्या दिवशी भिंगाची परीक्षा घ्यायला अर्नाळ्याला गेले. समोर बेटावर किल्ला, होडीने जाता येतं. मी गेले नाही, त्याची चुटपुट अजून आहे, तुम्ही जा. मी किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांच्या रांगेसमोर बसले. ॲपर्चर पूर्ण उघडं असताना मधली काठी स्वच्छ, टोकाच्या काठ्या लोण्यासारख्या मऊ, आणि कडेला पाण्यावरच्या चमचमीला शेपट्या फुटलेल्या. रिंग फिरवत अकरावर आणली, म्हणजे भिंगाचं तोंड बारीक केलं, तशा शेपट्या गेल्या, काठ्याही बऱ्याच सावरल्या. शिवाय एक गंमत कळली. रांगेच्या टोकाला जी काठी थोडी माझ्याकडे पुढे रोवलेली होती, ती सगळ्यात स्पष्ट होती. माझ्या भिंगाला सरळ रांग मानवतच नव्हती. त्याला रांग परातीच्या काठासारखी वाकलेली हवी होती, टोकं आपल्याकडे.

एक कोळीण केव्हाची बघत होती. "दोन तास काठ्या बघतेस. बोंबील घेनार काय?"

"नाही हो, नुसतं बघतेय."

"बघ बाय. बघन्याचं कोन पैसं घेतं?"

तिचा फोटो काढायचा मोह झाला. वाळू झगझगीत, पदराखालचा चेहरा सावलीत. वाळूला मानून एक्स्पोजर दिलं असतं तर बाईचा कोळसा झाला असता, म्हणून ॲपर्चर दोन घरं जास्त उघडलं. वाळू पांढरीफटक झाली तर झाली. मग होड्या, मग जाळी, मग पुन्हा कोळीण. भानावर आले तेव्हा रोलमध्ये एकच फोटो उरला होता. येताना आगाशीच्या बाजारात विचारलं, रोल कुठेच मिळाला नाही. ही खास माझी अक्कल.

आत्याला सांगितलं तर म्हणाली, "एकच तर हवाय."

तिसऱ्या दिवशी फोटो. जागा थोरल्या काकांनी ठरवली, वाडीत झाडांच्या सावलीत. हे आत्याचे मोठे दीर, घराचे कर्ते, पानवेलींच्या मळ्यात आयुष्य गेलेले. माझ्याकडे उजेड मोजायचं यंत्र नव्हतं, कुठल्या उजेडाला किती ॲपर्चर ते सांगणारा रोलच्या खोक्यातला कागद तेवढा होता. काकांनी वर बघून सांगितलं, "साडेनऊला काढ. उजेड मऊ असतो, कोवळ्या पानालासुद्धा चालतो. दहानंतर कवडसे पडतात, सगळ्यांची तोंडं ठिपक्यांची दिसतील." मी त्यांचं ऐकलं. त्या सावलीत अकरा ठेवायचं तर शटर सेकंदाचा आठवा भाग उघडं ठेवावं लागणार होतं, म्हणजे तेवढा वेळ कुणी हलायचं नाही. केळ्यांची टोपली पालथी घातली, वर पाट, पाटावर कॅमेरा.

रांग लागली. काका मधे खुर्चीवर, आत्या उजव्या टोकाला. मी धीर करून म्हटलं, "टोकाच्यांनी एकेक पाऊल पुढे यायचं."

डाव्या टोकाची पोरं आली पुढे. आत्या हलली नाही. दिराच्या पुढे उभं राहायचं म्हणजे काय ते मला कळत होतं. पंचवीस वर्षांत ते दोघं एकमेकांशी थेट बोललेसुद्धा नव्हते. निरोप असला की पोरांमार्फत.

"का?" काकांनी विचारलं.

"भिंगाचा दोष आहे, काका. टोकाची माणसं पुसट येतात. पुढे आली तर नीट येतील."

काकांनी जरा विचार केला. मग आपल्या नातवाला म्हणाले, "धाकट्या आजीला सांग, पुढं हो म्हणावं."

आत्या वीतभर सरकली. मी भिंगातून बघितलं, पुरेसं नव्हतं. मान हलवली. काकांना ते दिसलं. या वेळी त्यांनी नातवाकडे बघितलं नाही. समोर बघतच म्हणाले, "या अजून. कोण काय म्हणत नाही."

आत्या एक अख्खं पाऊल पुढे आली. तिच्या तोंडावर जे काही उमटलं ते जाईल या भीतीने मी बटण दाबलं, आणि नेमके तेव्हाच काका ती आली का ते बघायला वळले.

"हललो काय मी?"

"हो, काका."

"परत घे."

"रोल संपला."

सगळे माझ्याकडे बघत राहिले. काका उठले, धोतर झटकलं. "राहू दे. माझे फोटो पुष्कळ आहेत." आणि मळ्यात निघून गेले. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, याचं आज वाईट वाटतं.

येताना सुकेळ्यांची, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांची, दोन पुडकी आणि वसईची केळी, असं ओझं घेऊन नाशिकला पोचले. आठवड्याने फोटो धुऊन आले. मधोमध थोरल्या काकांच्या तोंडाच्या जागी धुरकट फराटा, आणि उजव्या टोकाला आत्या. पापण्या, नाकातली चमकी, कपाळावरची बारीक आठी, सगळं. मी तेवढाच भाग मोठा करून घेतला आणि बाबांच्या हातात देऊन अकरा आणि अष्टमांशाचं व्याख्यान सुरू केलं.

बाबा ऐकत नव्हते. चष्मा काढून त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरला, आणि म्हणाले, "ही आमची आई."

माझी आजी बाबा दहा वर्षांचे आणि आत्या सहाची असताना गेली. तिचा फोटो कधी कुणी काढलाच नव्हता. चेहरा आठवणारे आता एकटे बाबाच उरले होते, आणि तो दरवर्षी थोडा पुसत चाललाय, हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

त्यांना तो भिंतीवर आईचा म्हणून लावायचा होता. जिवंत बहिणीचा फोटो असा कसा लावायचा म्हणून माझी आई अडून बसली. शेवटी बाबांनी आत्यालाच लिहिलं. तिचं कार्ड आलं: "दादा, खुशाल लाव. मला ती आठवत नाही, आता आरशात बघत जाईन. पण हार घालू नकोस, मी अजून आहे."

फोटो लागला. पुढे दरवर्षी आजीच्या तिथीला बाबा सकाळी अंघोळ करून फूल घेऊन त्याच्यासमोर उभे राहायचे, आणि मग ते फूल खालच्या टेबलावर ठेवून द्यायचे.