शके तीनशे ऐंशीचं तळं

आमच्या गोरेगावला, वाशीमच्या शेजारच्या जिल्ह्यात, धाकट्या बहिणीच्या शाळेत प्रदर्शन होतं. विषय होता 'एका वर्षातलं जग'. तिनं इसवी सन ४५८ घेऊन तक्ता केला. त्या वर्षी रोममध्ये, जुन्या सरकारी इमारती फोडून दगड नेऊ नका, असा बादशहाचा कायदा आला. अँटिऑक शहर भूकंपानं हादरलं. आणि इकडं वाशीमजवळ एक तळं बांधलं गेलं, त्याचा शिलालेख आहे.

तिच्या सरांनी तक्त्यावरच्या तळ्याच्या ओळीवर कागदाची पट्टी चिकटवायला लावली. शिलालेखात साल ३८० आहे, म्हणे, म्हणून ही ओळ चूक.

मी चळवळीची पत्रकं लिहिणारी बाई. माझं डोकं फिरलं. रोमचं सगळं खरं आणि आपल्या मातीतलं तेवढं खोटं? आपल्या भागात काही घडलंच नाही, असं आपल्याच लेकरांना का शिकवायचं? दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत शाळेत गेले. वर्गाच्या दारातच ती म्हणाली, "ताई, तू भाषण ठोकू नको. मी बोलते."

तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर, इसवीशेजारी छापलेल्या शके सालावर बोट ठेवलं. "सर, शिलालेखातलं साल शके आहे. इसवीपेक्षा अठ्ठ्याहत्तरनं कमी. तीनशे ऐंशीत मिळवून बघा की."

सरांनी बोटांवर मोजलं. "व्हय, बराबर. पण वाशीम दुसऱ्या जिल्ह्यात. ते आपलं म्हणून काहून मांडून राहिली?"

"तवा जिल्हा कुठं होता, सर? आन् रोम कोणत्या तालुक्यात येतंय?"

सर मोकळेपणानं हसले आणि त्यांनीच नखानं पट्टी सोलून काढली. कागद जरा फाटला, 'तळं'वरचा अनुस्वार गेला. तिनं पेनानं तो पुन्हा दिला.